पेसमेकरची बॅटरी चार्ज का करता येत नाही?

पेसमेकर बसवून आठ-दहा वर्षं झाली की एखाद्या तपासणीत कळतं, बॅटरी संपत आली आहे, पेटी बदलावी लागेल. आम्हा डॉक्टरांच्या दृष्टीने हा छोटा प्रकार असतो. जागा बधिर करायची, छातीवरचा जुना छेद उघडायचा, हृदयात गेलेल्या वायरी ठीक असतील तर तशाच ठेवायच्या, नवी पेटी जोडायची आणि टाके घालायचे. पेशंटच्या दृष्टीने मात्र ऑपरेशन ते ऑपरेशनच. पुन्हा खर्च, पुन्हा जंतुसंसर्गाची भीती, पुन्हा घरच्यांची धावपळ. अशा वेळी एक प्रश्न हमखास येतो आणि बहुतेक वेळा तो नातवंडं विचारतात: मोबाइल रोज चार्ज होतो, मग आजोबांचा पेसमेकर का नाही होत?

प्रश्न रास्त आहे. गंमत अशी, की माणसाच्या शरीरात संपूर्ण आत बसवलेला जगातला पहिला पेसमेकर चार्ज होणाराच होता. साल होतं १९५८. मोबाइल, लॅपटॉप तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हते. पुढे ही सोय विचारपूर्वक सोडून देण्यात आली. ती का सोडली, हे समजायला बॅटरीच्या पोटात काय असतं आणि ते काय असावं यावर किती डोकेफोड झाली, हे आधी पाहावं लागेल.

दोन इलेक्ट्रोड आणि मधला पडदा

कोणत्याही बॅटरीत दोन इलेक्ट्रोड असतात. एक इलेक्ट्रॉन द्यायला उत्सुक असतो, दुसरा घ्यायला. इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून जातात आणि जाता जाता आपलं काम करून देतात: दिवा पेटवतात, हृदयाला ठोका देतात. हिशेब जुळावा म्हणून तेवढेच विद्युतभारित कण, म्हणजे आयन, बॅटरीच्या आतून एका बाजूकडून दुसरीकडे जातात. ते ज्यातून जातात तो द्रव किंवा पदार्थ म्हणजे इलेक्ट्रोलाइट. आणि दोन्ही इलेक्ट्रोड एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये असतो एक पातळ पडदा. त्याला सेपरेटर म्हणतात.

या पडद्याचं काम मच्छरदाणीसारखं आहे. वारा आत आला पाहिजे, डास मात्र नको. आयन पलीकडे गेले पाहिजेत, पण इलेक्ट्रोड भिडता कामा नयेत. मच्छरदाणीला भोक पडलं तर एक रात्र वाईट जाते. बॅटरीतल्या पडद्याला भोक पडलं तर दोन्ही इलेक्ट्रोड थेट भेटतात आणि महिनोन् महिने पुरायची ऊर्जा थोड्या वेळात उष्णता होऊन बाहेर पडते. यालाच आपण शॉर्ट सर्किट म्हणतो.

आपल्या शरीराला ही युक्ती फार आधीपासून माहीत आहे. हृदयाच्या प्रत्येक पेशीभोवती एक आवरण असतं आणि सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियमचे आयन त्यातून ठरावीक वाटांनीच ये-जा करतात. त्यातूनच ठोक्याची वीज तयार होते. बॅटरीचा जन्मही शरीरातल्या विजेच्या वादातूनच झाला. इटलीत बोलोन्याच्या लुइजी गॅल्व्हानीला मेलेल्या बेडकाचा पाय धातू लावल्यावर आखडताना दिसला आणि त्याला वाटलं, वीज बेडकाच्या अंगात आहे. अलेसांद्रो व्होल्टा म्हणाला, वीज दोन वेगळ्या धातूंच्या भेटीत आहे. आपलं म्हणणं सिद्ध करायला त्याने चांदीच्या आणि जस्ताच्या चकत्या एकावर एक रचल्या आणि प्रत्येक जोडीनंतर मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा ठेवला. १८०० साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून हा शोध कळवला. तो भिजलेला पुठ्ठा म्हणजे जगातला पहिला सेपरेटर. तो वाळला की बॅटरी संपली!

चार्ज होणारी पहिली बॅटरी १८५९ सालची, फ्रान्सच्या गास्तों प्लांते याची. शिशाचे दोन पत्रे, मध्ये वेगळं ठेवणाऱ्या पट्ट्या, सगळं गुंडाळून सौम्य गंधकाम्लात. तुमच्या घरातल्या ज्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं, ती हिचीच पणती. नंतर १८९९ साली स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर याने निकेल-कॅडमियम बॅटरी केली. हिचं नाव लक्षात ठेवा, ती लवकरच एका माणसाच्या पोटात जाणार आहे.

आता चार्जिंग म्हणजे काय? बॅटरी वापरताना जी रासायनिक क्रिया पुढे जाते, ती बाहेरून वीज देऊन मागे न्यायची. ऐकायला सोपं आहे. पण धातू विरघळून गेला आणि त्याला परत बोलावला, तर तो जिथून निघाला तिथे तसाच येऊन बसत नाही. कुठे जास्त साचतो, कुठे कमी, आणि काही वेळा सुईसारखा वाढत जाऊन पडद्यात घुसतो. प्रत्येक चार्जिंगला हा थोडा थोडा बिघाड साठत जातो. दोन-तीन वर्षांत मोबाइल दुपारीच मान टाकू लागतो, त्यामागे अशीच न उलटणारी झीज असते.

आर्ने लार्सन आणि पॉलिशची डबी

१९५० च्या दशकात पेसमेकर होते, पण शरीराबाहेर. भिंतीतल्या प्लगवर चालणारं टेबलाएवढं यंत्र आणि छातीत गेलेली तार. अमेरिकेत मिनियापोलिसला हृदयाच्या ऑपरेशननंतर लहान मुलांना अशा यंत्रांवर ठेवत. १९५७ च्या ऑक्टोबरअखेर तिथे काही तास वीज गेली आणि एक मूल दगावलं. लोडशेडिंग अनुभवलेल्या आपल्याला यातली भीती वेगळी सांगायला नको. सर्जन वॉल्टन लिलेहाय यांनी अर्ल बॅकन या इंजिनिअरला बॅटरीवरचं यंत्र मागितलं आणि त्यांनी काही आठवड्यांत ते दिलं. ते गळ्यात अडकवता येत होतं. पण तार अजूनही कातडीतून आत जात होती आणि जिथे तार कातडी ओलांडते तिथे जंतू शिरणारच.

उपाय एकच होता, सगळं आत बसवायचं. स्टॉकहोमजवळ सोल्ना इथल्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात आर्ने लार्सन हे ४३ वर्षांचे गृहस्थ दाखल होते. त्यांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे जाणारा विजेचा संदेश पूर्ण अडला होता. याला आम्ही कम्प्लीट हार्ट ब्लॉक म्हणतो. खालचे कप्पे मधेच काही सेकंद थांबत, मेंदूला रक्त मिळत नसे, ते बेशुद्ध पडत. हे दिवसाला वीस-तीस वेळा. त्यांच्या पत्नी एल्स-मारी यांनी सर्जन ओके सेनिंग आणि इंजिनिअर रूने एल्मक्विस्ट यांच्या मागे लकडा लावला. माणसात बसवण्याजोगं यंत्र अजून तयार नाही, असं सांगून पाहिलं तरी बाई हटल्या नाहीत.

एल्मक्विस्ट यांनी मग दोन ट्रान्झिस्टरचं एक सर्किट केलं, निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या जोडल्या आणि सगळं इपॉक्सी रेझिनमध्ये ओतून घट्ट केलं. ओतायला साचा म्हणून वापरली बूट पॉलिशची डबी. पेसमेकर त्याच आकाराचा झाला. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी सेनिंग यांनी तो पोटाच्या त्वचेखाली बसवला आणि तारा हृदयाला जोडल्या. चार्जिंगची सोयही होती: आत एक वेटोळं, बाहेरून पोटावर दुसरं वेटोळं धरायचं, की मधल्या कातडीतून ऊर्जा आत जाते. आजचं वायरलेस चार्जिंग याच तत्त्वावर चालतं.

पहिलं यंत्र काही तासांतच बंद पडलं. जवळ ठेवलेलं दुसरं बसवलं, तेही फार टिकलं नाही. पण लार्सन टिकले. पुढे त्यांना वीसहून अधिक पेसमेकर बसले. त्यांचा सर्जन आणि त्यांचा इंजिनिअर, दोघेही त्यांच्याआधी गेले. लार्सन २००१ साली ८६ व्या वर्षी गेले, तेही हृदयाने नाही, कर्करोगाने. माझ्या मते या सगळ्या इतिहासात पराक्रमाचा पहिला मान एल्स-मारीबाईंचा आहे.

निकेल-कॅडमियमची अडचण काय होती? ही बॅटरी वापरली नाही तरी आपोआप रिकामी होत राहते आणि उष्णता वाढली की जास्तच. शरीराचं तापमान ३७ अंश. आपल्याला ते उबदार वाटतं, पण ज्या बॅटरीला वर्षानुवर्षं चोवीस तास तिथेच राहायचं आहे, तिच्यासाठी तो कायमचा उन्हाळा आहे. आतला इलेक्ट्रोलाइट म्हणजे तीव्र दाहक क्षार. तो मधल्या पडद्याला हळूहळू खातो आणि कॅडमियम त्या पडद्यात शिरत जातं. एक दिवस दोन बाजू भेटतात.

पाऱ्याची दोन वर्षं

अमेरिकेत बफेलोला विल्सन ग्रेटबॅच नावाचे इंजिनिअर हृदयाचे आवाज नोंदवण्यासाठी एक सर्किट बनवत होते. चुकून दुसराच रेझिस्टर बसला आणि सर्किट ठरावीक वेळाने टक्-टक् करू लागलं. त्यांना ते हृदयासारखं वाटलं. त्यांनी नोकरी सोडली, दोन हजार डॉलरची पुंजी घेऊन घरामागच्या कोठारात काम सुरू केलं आणि सर्जन विल्यम चार्डॅक यांच्याबरोबर १९६० साली आपले पेसमेकर माणसांत बसवले. त्यांनी चार्जिंगचा नाद धरलाच नाही. एकदा बसवा, संपला की बदला.

त्यांनी घेतली जस्त आणि मर्क्युरिक ऑक्साइडची बॅटरी. ती सॅम्युअल रूबेन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात केली होती, उष्ण प्रदेशात लढणाऱ्या सैन्याच्या यंत्रांसाठी. उकाड्यात टिकणारी म्हणून शरीरातही टिकेल, हा तर्क योग्यच होता. एका पेसमेकरमध्ये अशा दहा-दहा बॅटऱ्या असत. आयुष्य मात्र दोन वर्षांच्या आसपास. विचार करा, दर दोन वर्षांनी छेद!

इथेही मूळ दुखणं आतल्या पदार्थांचंच होतं. क्षारात बुडालेलं जस्त हायड्रोजन वायू सोडतं. वायू साठला तर पेटी फुटेल, म्हणून ती हवाबंद करता येत नव्हती. इपॉक्सीतून वायू बाहेर झिरपू द्यायचा. पण ज्या वाटेने वायू बाहेर जातो, त्याच वाटेने शरीरातली ओल आत येते आणि सर्किट खराब करते. शिवाय पाऱ्याच्या बॅटरीचा दाब शेवटपर्यंत एकसारखा राहतो आणि मग एकदम कोसळतो. टॉर्चसाठी हा गुण असेल. ज्याचं हृदय त्यावर अवलंबून आहे, त्याच्यासाठी याचा अर्थ असा की आगाऊ सूचना मिळणार नाही. त्या काळात काढाव्या लागलेल्या पेसमेकरपैकी बहुसंख्य बॅटरीपायीच काढले जात. हृदय चालत होतं, तारा चालत होत्या, सर्किटही चालत होतं.

यावर लोकांनी नाना उपाय केले. १९७० साली पॅरिसमध्ये प्लुटोनियमवर चालणारा पेसमेकर बसवला गेला. प्लुटोनियम-२३८ निम्मं व्हायला सुमारे ८८ वर्षं लागतात, तेव्हा बॅटरी पेशंटपेक्षा जास्त जगणार हे नक्की. पण मग विमानतळ, परदेशप्रवास, मृत्यूनंतर त्या प्लुटोनियमची विल्हेवाट, सगळंच कटकटीचं. अमेरिकेतच जॉन्स हॉपकिन्सच्या प्रयोगशाळेत उपग्रहांवर काम करणाऱ्या रॉबर्ट फिशेल यांनी उपग्रहातल्यासारखी निकेल-कॅडमियम बॅटरी घेऊन पुन्हा चार्ज होणारा पेसमेकर केला. १९७३ पासून तो माणसांत बसवला जाऊ लागला. यंत्र चांगलं होतं. पेशंटने आठवड्यातून एकदा तास-दीड तास चार्जर छातीशी धरून बसायचं.

आठवड्यातून एकदा, न चुकता, आयुष्यभर. ज्या पेशंटना मधुमेहाची रोजची गोळी आठवत नाही, त्यांच्याकडे पाहून मला या योजनेची काळजीच वाटते. आणि पेसमेकर ज्यांना लागतो त्यांतले बरेच सत्तरीपुढचे असतात. गावाला गेले, चार्जर राहिला, वीज नव्हती, विसरले. मोबाइल बंद पडला तर फोन लागत नाही. इथे हृदय थांबू शकतं.

स्वतःच तयार होणारा पडदा

या कोंडीतून सुटका केली ती लिथियमने. तेही चार्ज न होणाऱ्या.

बाल्टिमोरच्या एका कंपनीत जेम्स मोझर आणि ॲलन श्नायडर यांनी लिथियम आणि आयोडीनची बॅटरी शोधली होती. ग्रेटबॅच यांनी ती पेसमेकरसाठी घडवली आणि १९७२ साली इटलीत फेरारा इथे ती पहिल्यांदा माणसाच्या शरीरात गेली. यातली कल्पना मला आजही थक्क करते. एका बाजूला लिथियम धातू. दुसऱ्या बाजूला आयोडीन. हो, जखमेला लावायच्या टिंक्चरमधलं तेच आयोडीन, एका पॉलिमरमध्ये मिसळून डांबरासारखं काळं केलेलं. मध्ये काय? मध्ये कुणी काही ठेवतच नाही. लिथियम आणि आयोडीन एकमेकांना टेकले की तिथल्या तिथे त्यांचं संयुग तयार होतं, लिथियम आयोडाइड, आणि त्याचा पातळ घन थर बसतो. त्यातून लिथियमचे आयन जाऊ शकतात, इलेक्ट्रॉन जाऊ शकत नाहीत. म्हणजे हा थरच इलेक्ट्रोलाइट आणि हाच पडदा.

आता त्या थराला कुठे चीर गेली असं समजा. चिरेतून लिथियम आणि आयोडीन पुन्हा भेटतात, पुन्हा लिथियम आयोडाइड बनतं, चीर भरून निघते. जखमेवर खपली धरावी तसं. शॉर्ट सर्किट होण्याची वाटच बंद. द्रव नाही म्हणून गळती नाही, वायू नाही म्हणून पेटी धातूच्या आवरणात झाळून पूर्ण हवाबंद करता येते. शरीराची ओल आत जात नाही. बॅटरी जशी वापरली जाते तसा मधला थर जाड होत जातो, आयनांची वाट लांबते, आणि दाब हळूहळू उतरू लागतो. या उतरणीवरूनच आम्हाला तपासणीत कळतं की बदलायची वेळ जवळ आली. म्हणून तुमच्या कार्डिओलॉजिस्टने ठरवून दिलेली पेसमेकरची तपासणी चुकवू नका. बदलण्याची सूचना आल्यानंतरही साधारण तीन महिने हाताशी राहतील, असा हिशेब ठेवलेला असतो, पण सूचना पाहायला कुणीतरी यंत्र लावावं लागतं.

या बॅटरीची एक मोठी उणीव आहे. घन थरातून आयन फार सावकाश जातात, त्यामुळे ती एका वेळी अगदी थोडी वीज देते. मोबाइलची रिंगसुद्धा तिच्याने वाजणार नाही. पण पेसमेकरला लागते तरी किती? समजा बॅटरीची क्षमता १००० मिलिॲम्पिअर-तास आहे, आणि यंत्राला सरासरी ०.०१ मिलिॲम्पिअर लागतात. भागाकार केला तर एक लाख तास, म्हणजे अकरा वर्षांहून जास्त. तुमच्या मोबाइलची बॅटरी याच्या चार-पाच पट मोठी असते आणि ती आपण एका दिवसात संपवतो. नातवंडांच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. पेसमेकर इतका कमी खातो की दहा वर्षांचा शिधा एकदाच बांधून देता येतो.

सगळ्याच यंत्रांना हे चालत नाही. आयसीडी, म्हणजे हृदयाची जीवघेणी धडधड शॉक देऊन थांबवणारं यंत्र, १९८० साली मिशेल मिरोव्स्की यांच्या प्रयत्नांतून पहिल्यांदा माणसात बसलं. शॉकसाठी त्याला साधारण दहा सेकंदांत तीस-चाळीस ज्यूल ऊर्जा गोळा करावी लागते. लिथियम-आयोडीनला हे जन्मात जमलं नसतं. तिथे एका बाजूला लिथियम, दुसऱ्या बाजूला चांदी आणि व्हॅनेडियमचं ऑक्साइड, मध्ये द्रव इलेक्ट्रोलाइट आणि प्लास्टिकचा पडदा, अशी बॅटरी ग्रेटबॅच यांच्याच कंपनीत एस्थर ताकेउची यांनी विकसित केली. वर्षानुवर्षं गप्प बसायचं आणि वेळ आली की क्षणात जोर लावायचा, अशी ती बॅटरी आहे.

मोबाइलची बॅटरी शरीरात कशी आली

लिथियम चार्ज होईल का, हा प्रश्न त्याच सुमारास दुसरी मंडळी सोडवत होती. १९७० च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी एक्सॉन कंपनीत असा इलेक्ट्रोड केला ज्याच्या थरांमध्ये लिथियमचे आयन शिरतात आणि बाहेरही येतात. पदार्थ होता टायटॅनियम डायसल्फाइड. पण दुसरी बाजू लिथियम धातूची, आणि चार्ज करताना लिथियम सुयांसारखं वाढायचं. सुई पडद्यात घुसली की आग. कॅनडाच्या मोली एनर्जी कंपनीने लिथियम धातूच्या चार्ज होणाऱ्या बॅटऱ्या बाजारात आणल्याही, आणि १९८९ साली जपानमध्ये मोबाइल फोनला आग लागल्यावर त्या परत घ्याव्या लागल्या.

दरम्यान १९८० साली ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांच्या गटाने लिथियम कोबाल्ट ऑक्साइड शोधलं. त्याने दाब सुमारे चार व्होल्टपर्यंत नेला. जपानच्या अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये लिथियम धातूच काढून टाकला आणि त्या जागी पेट्रोलियम कोक, म्हणजे कार्बन, घेतला. आता लिथियम दोन्ही बाजूंना थरांमध्ये पाहुण्यासारखं राहतं, धातू म्हणून सहसा साचत नाही, सुया होत नाहीत. १९९१ मध्ये सोनीने ही लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते.

पडद्याला नोबेल मिळालं नाही, पण त्याचं काम कमी नाही. लिथियम-आयन बॅटरीतला पडदा पॉलिथिनसारख्या प्लास्टिकचा असतो, केसाहूनही पातळ, आणि त्यात डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं असतात. बॅटरी बिघडून तापली तर सुमारे १३० अंशांना पॉलिथिन वितळू लागतं आणि छिद्रं मिटतात. आयनांची वाट बंद, बॅटरी बंद. अनेक बॅटऱ्यांत आणखी उष्णतेला टिकणाऱ्या पॉलिप्रॉपिलिनचे थर दोन्ही बाजूंना असतात, म्हणजे छिद्रं मिटली तरी पडदा आक्रसून फाटत नाही. पुढे त्यावर चिनी मातीसारख्या पदार्थाचा लेप देणंही सुरू झालं. स्वस्त, नकली बॅटरीत पैसे वाचवायला पडदा ही सोयीची जागा असते, तेव्हा अनोळखी बनावटीची बॅटरी घेताना हे ध्यानात असू द्या.

आणखी एक गंमत. लिथियम-आयन बॅटरी पहिल्यांदा चार्ज होते तेव्हा कार्बनच्या इलेक्ट्रोडवर इलेक्ट्रोलाइटचा एक भाग विघटित होऊन अतिशय पातळ कवच चढतं. हे कवच आयनांना जाऊ देतं आणि पुढची झीज रोखतं. इथेही बॅटरीने स्वतःची कातडी स्वतःच करून घेतली!

मग ही बॅटरी शरीरात केव्हा आली? जिथे रोजचा खप मोठा आहे तिथे. पाठीच्या कण्याजवळ सौम्य वीज देऊन जुनाट वेदना कमी करणारं यंत्र पेसमेकरपेक्षा पुष्कळ जास्त वीज खातं. २००४ साली अमेरिकेत त्यातलं पहिलं चार्ज होणारं यंत्र मंजूर झालं. पार्किन्सनसाठी मेंदूत तारा बसवतात, त्या यंत्रांतही चार्ज होणारे प्रकार आले. शरीरासाठी इलेक्ट्रोडही बदलावे लागले. साध्या लिथियम-आयन बॅटरीत ऋण बाजूला तांब्याचा पातळ पत्रा असतो आणि बॅटरी पार रिकामी पडून राहिली तर तांबं विरघळतं, बॅटरी कायमची जाते. आजारी माणूस महिनाभर चार्जिंग विसरला म्हणून ऑपरेशन करायचं का? म्हणून काही बॅटऱ्यांत तांब्याऐवजी टायटॅनियम, तर काहींत कार्बनऐवजी लिथियम टायटनेट वापरलं गेलं. अशा बॅटऱ्या पूर्ण रिकाम्या होऊनही पुन्हा जाग्या होतात. तुमच्या घरी कुणाला असं यंत्र सुचवलं असेल तर चार्ज होणारं घ्यायचं की न होणारं, हे ठरवताना एकच पाहा: नेमाने चार्जर लावणारं घरात कुणी आहे का. हात थरथरणाऱ्या आणि एकट्या राहणाऱ्या माणसाला न चार्ज होणारं यंत्र जास्त सोयीचं पडू शकतं. वय कमी आणि यंत्राचा खप जास्त असेल तर चार्ज होणारं घेतल्याने ऑपरेशनं टळतात.

पेसमेकरच्या बाबतीत अजून तरी जुनाच निर्णय कायम आहे. काही जण मोबाइलचा वायरलेस चार्जर छातीजवळ नेऊन काही होतं का, असं विचारतात. चार्ज होत नाही. उलट काही फोनमध्ये आणि चार्जरमध्ये चुंबकं असतात आणि चुंबक जवळ आलं की पेसमेकर तेवढ्यापुरता वेगळ्या पद्धतीने चालतो. तेव्हा फोन १५ सेंटिमीटर आणि वायरलेस चार्जिंग चालू असेल तर ३० सेंटिमीटर लांब ठेवा. वरच्या खिशात फोन नको.

एक गोष्ट आपल्याकडे उघडपणे बोलली जात नाही, ती सांगतो. पेसमेकरची बॅटरी हवाबंद असते, म्हणूनच ती टिकते. पण तीच पेटी चितेवर किंवा विद्युतदाहिनीत तापली तर आतला दाब वाढून तिचा स्फोट होतो. दाहिनीचं नुकसान होतं, जवळ उभ्या माणसाला इजा होऊ शकते. त्यामुळे पेसमेकर किंवा आयसीडी बसवलेल्या व्यक्तीचा मृत्यू झाला तर दहनापूर्वी ते यंत्र काढून घ्यावं लागतं. छोटासा छेद पुरतो, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. मात्र चालू आयसीडी आधी यंत्राने बंद करावं लागतं, नाहीतर काढणाऱ्याला शॉक बसू शकतो. मृत्यू रुग्णालयात झाला असेल तर पार्थिव ताब्यात घेण्याआधीच सांगा. घरी झाला असेल तर दाखला द्यायला आलेल्या डॉक्टरांना सांगा.

काढलेलं यंत्र वाया जातंच असंही नाही. अमेरिकेत मृत्यूनंतर काढून दान केलेल्या पेसमेकरपैकी ज्यांची बॅटरी पुरेशी शिल्लक होती असे ५३ पेसमेकर निर्जंतुक करून मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयात गरीब पेशंटना बसवले गेले, आणि त्याचा चांगला अनुभव २०१० नंतरच्या काळात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आपल्याकडे घरच्यांच्या हातात ती पेटी आली तर ती कचऱ्यात टाकू नका आणि आठवण म्हणून देवघरातही ठेवू नका. ज्या रुग्णालयात ती बसवली होती तिथे पेसमेकरच्या कार्डासह परत करा.